लिंबाला दोन पेले

फ्रिजवर तुझी चिठ्ठी अजून आहे, नेस्तान.
लिंबाला दोन पेले, मंगळवारी.
बेगोनियाला फक्त ओठ ओले होतील इतकं.
मांजराला मासा नाही. मागेल, तरी नाही.
गॅसचा नळ रात्री बंद.
आणि खाली, वेगळ्या शाईत :
वाझा, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे.

तिसऱ्या हिवाळ्याची लाकडं
काल तुझ्या पडवीत रचली.

एकतीस वर्षं कुतैसीत मी ट्रॉलीबस चालवली,
वरच्या तारेला धरून, आखल्या रस्त्यानं.
तुझ्या घरातही माझे थांबे ठरलेत :
आधी मीटर, मग खिडक्या, मग मांजर,
मग रंगाच्या जुन्या डब्यातलं ते लिंबू,
जे जरा वारा लागला की पानं टाकून रुसतं.
शेवटचा थांबा, तुझा आरसा.
त्याची धूळ मी पुसत नाही.
चिठ्ठीत तसं लिहिलेलं नाही.

एक सांगायचं राहिलंय.
बेगोनिया गेला.
माझ्याच हातून, मायेपोटी.
ओठ ओले करता करता बुडवला मी त्याला.
उपसला तेव्हा मुळं
भिजल्या वर्तमानपत्रासारखी बोटांना चिकटली.
रिओनीच्या पुलापलीकडल्या बाजारातून
त्याच मापाचा, तशाच पानांचा आणला,
तुझ्याच कुंडीत बसवला,
वर जुनी माती पसरली, पुरावा पुसावा तशी.
तू फोनवर विचारलंस. म्हटलं, ठणठणीत.
मार्चमध्ये तो फुलला.
पांढरा.
तुझा लाल होता.

तेव्हापासून फोनवर तुला घर दाखवताना
त्या खिडकीपाशी माझा हात घाई करतो,
तिकीट तपासनीस चढला की
बिनतिकिटाचा प्रवासी दाराकडे सरकतो, तसा.

लोक म्हणतात, रिकामं घर खायला उठतं.
मला तर तेच उपाशी दिसलं.
दिवसातून दोनदा कुणी खोकलं,
कपबशी वाजवली,
अडकणाऱ्या दाराला एक शिवी हासडली,
की एवढ्यावर भागतं बिचाऱ्याचं.

तिकडे तारांतोत तू
परक्या आईचे केस विंचरायचीस,
तिच्या गोळ्या मोजायचीस, निळ्या सकाळी, पांढऱ्या रात्री.
ऑगस्टात म्हातारी गेली.
वाटलं, आता येशील.
मी गादी उन्हात टाकली, अंगण झाडलं,
चिठ्ठी मोडून मांजराला मासासुद्धा घातला.
पण तिच्या मुलांनी मिलानहून कळवलं :
घर विकेपर्यंत राहा.
संध्याकाळी दिवे लाव. कॅनरीला दाणे घाल.
ओसाड दिसलं की भाव पडतो.

यंदा तुझ्या पर्सिमनला एकशे चाळीस फळं लागली.
सगळी सोलली, दोऱ्यात ओवली, पडवीत टांगली.
खालून चालताना डोक्याला लागतात,
गार आणि किंचित चिकट.
मांजर तुझ्या करड्या कोटावर झोपतं.
कोट आता निम्मा त्याच्याच केसांचा आहे.

काल रात्री तू म्हणालीस, थांब.
फोन मागे ने. खिडकीकडे.
नेला.
बराच वेळ तू बोलली नाहीस.
तुझ्यामागे पिंजऱ्यातली कॅनरी किलबिलत होती,
थांबत, पुन्हा सुरू करत,
धडा नीट पाठ नसलेल्या पोरासारखी.
मग म्हणालीस,
हीसुद्धा तिची नाही, वाझा.
तिची मे महिन्यात मेली.
मी रविवारी दुसरी आणली. म्हातारीला दिसत नव्हतं.
पण ही वेगळी गाते.
ती ऐकायची, मान तिरपी करून.
कधी काही म्हणाली नाही.

मी विचारलं, तिला कळलं असेल का गं?

तू नाक ओढलंस.
तिकडे कुणीतरी जिन्यावरून उतरत होतं.

गॅसचा नळ बघितलास का, म्हणालीस.

बघितला.
आज मंगळवार आहे.
दोन पेले भरून घेतलेत,
आणि तो पांढरा
पडद्यामागून काढून पुढे ठेवलाय.