वळचणीची उंची

दक्षिण एस्टोनियात, कुर्गेमाच्या जुन्या हवेलीमागे
जिथे चाळीस वर्षं सामूहिक शेतीचे ट्रॅक्टर उभे असत
तिथे मला एक लाकडी मंडप काढायचा होता.
लग्नं, वाढदिवस, एखाद्या कंपनीची मेजवानी.
एकशे वीस खुर्च्या.

वारसा खात्याच्या उर्वेबाईंनी लिहिलं होतं,
'नवं बांधकाम इतिहासाचा मान राखणारं असावं.'
मी फोन केला. कुठल्या इतिहासाचा?
जर्मन सरदाराच्या, ज्यानं ही लिंडनची रांग लावली?
की धान्य वाळवायच्या यंत्राच्या,
ज्याचं काँक्रीट अजून निघता निघत नाही?
त्या खोकल्या. म्हणाल्या, फॉर्ममध्ये एकच रकाना आहे.

मालकीण लीव्हिकाला वळचण खाली हवी होती.
रस्त्यावरून येणाऱ्यांना मंडपावरून
हवेलीचे खांब दिसले पाहिजेत, आठच्या आठ.
'कर्जाचे हप्ते खांब फेडतात,' ती म्हणाली.

सुतार एन्डेल, सत्तरीचा,
ओंडक्यावर बोटाची पेरं वाजवून
आत गाठ कुठं आहे ते सांगणारा.
त्यानं माझा नकाशा आधी उलटा पाहिला, मग सुलटा,
आणि वळचणीच्या रेघेवर नख टेकवलं.
'एक मीटर सत्तर. इथं मला वाकावं लागेल.'
फक्त कडेला, मी म्हटलं.
'कडेलाच. माझा पणजोबा याच अंगणात
टोपी काढून कडेलाच उभा राहायचा.'
एवढंच. मग रंधा उचलला.

पंधरा दिवस ती रेघ मी वर-खाली केली.
खोडून खोडून कागद इतका विरला
की खालच्या टेबलाच्या शिरा दिसू लागल्या.
मग एका रात्री रेघ होती तिथंच ठेवली
आणि जमीन खाली नेली, हातभर.
वळचणीच्या अलीकडेच तीन पायऱ्या,
शेजारून चाकाच्या खुर्चीसाठी उतार.

खणताना आधी तेल लागलं, काळं, ट्रॅक्टरांचं.
मग जळक्या विटा. मग ओंजळभर राय,
कोळसा झालेली, पण दाणा न् दाणा शाबूत.
कधी जळली, कुणी जाळली,
उर्वेबाईंनाही सांगता येईना.
त्यांनी रकाना सोडून समासात काहीतरी लिहिलं.
तेवढ्या जागी आम्ही फळ्या घातल्याच नाहीत.
नाचताना लोक ठेचकाळतील, लीव्हिका कुरकुरली,
आणि स्वतःच भोवती कठडा लावून घेतला.

एन्डेलनं एक खिळा वापरला नाही.
कुसू खाचेत उतरताना
म्हातारा माणूस खुर्चीत बसताना करतो
तसा आवाज यायचा.

सप्टेंबरात पहिलं लग्न.
तो आला, आमंत्रण नसताना, इस्त्रीच्या शर्टात.
तीन पायऱ्या उतरला. वळचणीखाली आला.
डोक्यावर वीतभर मोकळं होतं, मी मोजलेलं.
तरी त्याची मान वाकली.

थबकला. स्वतःलाच एक शिवी हासडली.
मग पायरीवर लिंबूपाणी पीत बसलेल्या पोराला ओलांडून
पुन्हा वर गेला,
आणि पुन्हा उतरला.