खोकल्याची जागा

झिंगरू गेडामचा आवाज गावात सगळ्यात मोठा,
म्हणून त्याचाच घेतला मोबाइलात भरून:
हाऽऽऽड, हुर्रर्र, हो हो होऽऽ,
आणि शेवटी बिडीचा खोकला, दोनदा.
खोकला कापता येत होता.
राहू दे म्हटलं, माणूस वाटते.

भोंगा बांधला मोहाच्या खोडाला,
बॅटरी खाली, ताडपत्रीत.
दर चार मिनिटांनी झिंगरू ओरडणार
आणि खरा झिंगरू घरी घोरणार.

पहिल्या रात्री कळप नाल्यापार.
हरभऱ्याचा एक घाटा तुटला नाही.
तिसऱ्या रात्री डुकरं धुऱ्यावर थांबली,
कान ओरडण्याकडे, तोंड वावराकडे.
आठव्या रात्री भोंग्याच्या खालीच
नाकानं माती उकरत होती.
त्यांना कळलं होतं,
या ओरडण्याला पाय नाहीत.

हसू नका.
मला तरी कुठे ऐकू येत होता तो?
मचाणावर, वाकळीत,
डुलकी घ्यायचे मी त्याच्या हाऽऽडखाली
जशी घेते नवऱ्याच्या बोलण्याखाली.

भाची यामिनी नागपूरला मेंदूचं शिकते.
लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवते,
कानात वाजवते टिक टिक टिक टिक टिक
आणि मधेच, न सांगता, टुक.
"टिकला पेशी हळूहळू खाली बसतात, मावशे,
टुकला ताडकन उठतात.
कंजूष असते पेशी.
जे आधीच ठाऊक, त्याच्यावर खर्च नाही करत."
"अन् टिक वाजलंच नाही तं?"
चहा फुंकता फुंकता थांबली ती.
"तरी उठतात. काहीच नसते, तरी."

पुसाचे दिवस. दहिवर इतकं
की ताडपत्री टपटपत होती.
हाऽऽऽड. हुर्रर्र. हो हो होऽऽ.
आणि

खोकला नाही.

बॅटरी उतरली असेल, तार भिजली असेल.
माझे डोळे टक्क उघडे.
विजेरी मारली तर खाली
एक जुनी डुकरीण,
तोंडात हरभऱ्याची ओली फांदी,
चावणं मधेच राहिलेलं, मान वर.
तीही तिकडेच बघत होती
जिथे तो खोकला असायला हवा होता.

एवढ्या मोठ्या रानात
दोघींच्या डोक्यात, एकाच घटकेला,
एकच गोष्ट झाली नव्हती.

मग तो माझ्याच घशातून आला.
मी काही ठरवून खोकलले नाही.
बारीक, कोरडा,
मोहाकडून नाही, मचाणाकडून.
आणि झिंगरूच्या गर्जनेला महिनाभर
शेपूट न हलवलेला अख्खा कळप
कुंपणाची तार घेऊन उधळला नाल्याकडे.

सकाळी झिंगरू बॅटरी बघायला आला.
"काऊन वं, काय झालं राती?"
म्हटलं, तुझा खोकला हरपला होता.
तो हसला, हसता हसता खोकलला.
किती वेळा,
ते मोजायचं राहून गेलं.