समुद्रकिनाऱ्याचा प्रश्न

प्रश्न मीच विचारला होता.
म्हणजे, मी नाही.
रात्री साडेअकराला, कुलरची मोटर गुरगुरत असताना
उद्याचा स्वाध्याय मोबाइलकडून मागून घेतला,
शेजारणीकडून विरजण मागावं तसा,
आणि वास न घेता लावून दिला.

सातवी ब. गोळीबार चौकामागची शाळा.
एकेचाळीस मुलं, बारा टॅब,
एकाच्या काचेला तडा, त्याचं नाव पोरांनी ठेवलंय लंगडा.
पाचवा प्रश्न, गुण पाच:
'तुमच्या गावाजवळच्या समुद्रकिनाऱ्याचे वर्णन करा.'

आमच्याकडे शून्य मैलाचा खांब आहे, शेजारी चार घोडे.
तिथून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र सगळ्यात शेवटीच येतो.

वह्या आल्या.
नंदनवारच्या वहीत नारळाची झाडं डोलत होती.
सोनकुसरेच्या वहीत तीच झाडं, तितकीच डोलत.
पराते, धकाते, शाहबाज...
तेवीस वह्यांत 'निळ्याशार लाटांचे मनमोहक संगीत',
तेवीस किनाऱ्यांवर एकच सूर्य
एकाच वाक्यात बुडालेला,
आणि कुणाच्याच चपलेत वाळूचा कण नाही.

लाल पेन उघडला.
ओरडायचं ते जिभेवर तयार होतं.
तेवढ्यात हाताशी आली उन्नती हेडाऊची वही.
तिरप्या ओळी, मध्ये खाडाखोड:
'आमच्या गावाजवळ समुद्र नाही. नागनदी आहे.
उन्हाळ्यात वास येते. पुलावर सायकल आली की
बाबा श्वास रोखते, मी पण रोखते.
प्रश्न चुकला आहे मॅडम.'

पंखा फिरत होता, एवढाच आवाज.
तेवीस जणांनी नक्कल केली, खरं आहे,
पण पहिली नक्कल माझी.
खाली सही माझी, वर शाळेचा शिक्का.

तिला पाचापैकी पाच दिले.
मग फळ्यावर माझा प्रश्न लिहिला, पुढे माझं नाव,
आणि त्यापुढे शून्य.
मागच्या बाकावरून शाहबाज म्हणाला,
'मॅडम, तुमी बी?'
हो रे बाबू, मी बी.

टॅब कपाटात टाकून कुलूप लावणं सोपं होतं,
किल्ली माझ्याच पर्समध्ये असते.
पण मला बाबांची बोटं आठवली.
ते मागावर बसायचे.
यंत्रमागाचं कापड दारात आलं की
आधी चिमटीत चोळायचे, उलटी बाजू उजेडात धरायचे,
सुटलेला धागा नखानं दाखवायचे.
नावं ठेवत नसत.
न पाहता घेतही नसत.

तर टॅब बाकांवर ठेवले, तीन-चार डोकी एकाला,
आणि एकेका वाक्याची उलटी बाजू पाहू लागलो.
हे कुणी पाहिलं? कधी? कुठून आणलं?
'मनमोहक' पहिल्याच फेरीत पडला.
सूर्य थोडा टिकला.
नारळाच्या झाडावर धकाते आणि पराते भांडले,
कारण धकातेच्या मावशीकडे खरंच एक आहे, मानेवाड्याला,
फक्त त्याला नारळ लागत नाही.

उन्नतीनं नकाशा उघडला.
नदीवर बोट ठेवून उलटी चालत गेली,
पूल, वस्ती, पुन्हा पूल, अंबाझरी, त्याच्याही मागे.
'मॅडम, इथं पाणी साफ असन का?'
मला माहीत नाही, मी म्हटलं.
हे वाक्य वर्गात म्हणायला मला एकोणीस वर्षं लागली.
'मंग याले विचारू?'
विचार. आणि शनिवारी जाऊन पाहू,
कोण खरं बोलून राहिलं ते.

लंगडा शाहबाजकडे होता.
तड्यावरून बोट सांभाळत तो टाइप करत होता,
जिभेचं टोक बाहेर काढून:
तू पाह्यला का समुद्र?
लांबलचक उत्तर आलं, फार अदबीनं.
त्यानं ते दोनदा वाचलं.
'मॅडम, हा बी नाही गेला!'

सगळा वर्ग हसला.
तो नाही हसला.
थोडा वेळ काचेकडे पाहत राहिला,
सोबतीला कोणी भेटावं तसा,
मग टॅब पालथा घातला
आणि पेन्सिल कुणाकडे आहे विचारू लागला.