आत्म्याचा डबा

बर्फाच्या कारखान्यात पहाटे साडेपाचला
लाद्या मोजताना कुणीतरी म्हणालं, ‘आत्मा गेलो.’
‘खंय गेलो?’ विश्राम तांडेलाने विचारलं,
आणि दोघेही हसले. मग विश्रामने टोपी काढली,
तरी हसू थोडं उरलंच मिशीखाली.
नावच तसं. आत्माराम जानू कुबल.
देवगड बंदरात जन्मभर
त्याच्या येण्याजाण्यावर हाच एक विनोद झाला.

जेटीवर लिलाव थांबला नाही.
फक्त खटवीच्या एका ढिगापाशी
जुलेखा मुजावर ‘चारशे’ म्हणायच्या जागी
‘सत्याऐंशी’ म्हणाली.
सत्याऐंशी साली तिच्या सासऱ्याच्या होडीतून
डबा पहिल्यांदा पाण्यावर गेला होता.

डबा म्हणजे भंगारात आलेल्या बोटीचं यंत्र,
बिस्किटांचा पत्रा, सायकलीच्या ट्यूबचं रबर.
खाली पेडव्यांचा थवा आला
की आत एक लाल दिवा लुकलुकायचा.
लोक पाण्याकडे बघायचं सोडून
दिव्याकडे बघायला लागले.
पुढे परदेशी पडदे आले, रंगीत, कंपनीचं नाव कोरलेले.
बंदरात अजून त्या सगळ्यांना डबाच म्हणतात.

दुपारपर्यंत ठरलं की तो पहिला नव्हताच.
मालवणात कुणीतरी आधी केला होता.
नाही, वेंगुर्ल्यात.
कुणी, ते कुणालाच सांगता येईना.
बाबल चहावाल्याने किटली आपटली:
‘तो जित्तो होतो तेव्हा बोलाक काय झाला होता?’

पास्कू फर्नांडिस रापणीचा. जाळं शिवत बसलेला.
‘बरो माणूस,’ म्हणाला,
‘पण तेच्या डब्यान दर्यो झाडून न्हेल्यान.
पूर्वी मासो लपायचो. आता लपाक जागा नाय.’
कुणी उत्तर दिलं नाही, कारण ते खरं होतं,
आणि ज्यांनी झाडून नेला ते सगळे तिथेच उभे होते.
खांदा द्यायला पास्कूच पहिला पुढे आला.
उंचीने कमी, म्हणून तिरडी
स्मशानापर्यंत एका अंगाला कललेली.

तिसऱ्या दिवशी नाक्यावर फलक लागला.
‘बंदराचा शास्त्रज्ञ हरपला.’
वर सात पुढारी, हात जोडून.
खाली आत्म्याचा म्हणून जो फोटो
तो त्याच्या भावाचा, तुकल्याचा.
तुकल्या त्याच फलकाखाली उभा राहून
बटाटावडा खात होता. ‘ऱ्हवांदे,’ म्हणाला,
‘माझो परत कोण लावतलो?’

रात्री वायरलेसवर, तीस वाव पाण्यातून:
‘आयकलंस?’
‘आयकलंय.’
मग बराच वेळ नुसती खरखर.
वीसेक बोटी, वीसेक बटणं दाबलेली,
बोलत कुणीच नाही.
मग कुणीतरी विचारलं, बांगड्याक भाव काय?

दहाव्याला मी गेलो.
पडवीतला दिवा भर दुपारी जळत होता.
घरातली वायरिंग त्याने स्वतः केलेली,
कुठलं बटण कशाचं ते त्यालाच ठाऊक.
शेवंतीवहिनींनी सगळी दाबून पाहिली,
न्हाणीघरातला पंखा लागला,
विहिरीवरचा पंप लागला,
दिवा विझेना.
‘न्हाणीघरात पंखा कोण लावता?’ म्हणाल्या,
आणि त्या दिवसांत पहिल्यांदा
चिडल्या त्याच्यावर, मोकळ्याने.

दुकानात फळीवर लोकांच्या वस्तू,
प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली.
गंगावण्याचा मिक्सर: झाला, चाळीस रुपये.
शाळेची घंटा: झाली, पैसे घेऊ नये.
आणि मी सहा वर्षांपूर्वी टाकून विसरलेला
माझ्या वडलांचा ट्रान्झिस्टर.
चिठ्ठीवर त्याचं बारीक, तिरपं अक्षर:
‘होत नाही. चार वेळा उघडला.
सांगायचं राहिलं.’