वरची बाजू

म्याकल बाईंनी नळीतून चित्र काढून काउंटरवर उलगडलं.
गुंडाळून गुंडाळून उठत होतं ते. म्हणून कोपऱ्यांवर
माझी कात्री, पट्टी, फेविकॉलचा डबा
आणि त्यांची चष्म्याची डबी.

काळ्याभोर कागदात एक निळा गोळा.

साखर पेठेत तीस वर्षं फ्रेमा करतोय.
लक्ष्मी, मार्कंडेय, लग्नातली जोडपी,
मानपत्रं, आणि वारलेले.
वारलेले सगळ्यात जास्त. मे महिन्यात तर रांग.
सगळ्यांना डोकं असतं,
कडी कुठं ठोकायची ते विचारावं लागत नाही.

हिची विचारली.
छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाई
जरा थांबल्या.
"वरची बाजू तशी नसतेच की हो.
पण उत्तर वर धरा. सवयीनं."

"आणि आपलं सोलापूर?"
पेन्सिलीचं टोक त्यांनी हवेतच धरलं,
कागदाला न टेकवता.
तिथं ढग होता.
(घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
ढग आपल्यावर, नळ मात्र पाचव्या दिवशी.)

सोनेरी पट्टी नको म्हणाल्या. काळी. अर्धा इंच.

शेजारी राजमल्लूचे चार माग.
भिंत एकच, माझे खिळे आपोआप सैल होतात,
आणि रुई. काच कितीही पुसा.
रात्री पुठ्ठा ठोकला, टेप मारली,
सरळ धरून बघतो तर
हिंदी महासागरावर पांढरा धागा, पापणीएवढा.
नखानं खरवडला. आत होता.
उघडायची म्हणजे परत सगळे खिळे.

सकाळी खरं तेच सांगून टाकलं.
बाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
नाक काचेला टेकवलं.
"ह्यातला तुमचा कुठला?"
मलाही पटकन सांगता येईना.
दोघं वाकून शोधत बसलो,
गिऱ्हाईक दारात ताटकळत.
सापडला असं वाटलं, तर तो खरा ढग निघाला.
"राहू द्या," म्हणाल्या.

पावती फाडताना तोंडातून गेलंच,
रोजचंच वाक्य:
"हारासाठी वर खिळा देऊ का?"

नोटा मोजता मोजता बाईंचा हात थांबला.
माग धडधडत होते, काच बारीक थरथरत होती.
"अजून नको."

मग रिक्षात तिला मांडीवर आडवी घेऊन बसल्या,
उत्तर दिशा कन्ना चौकाकडे.