तेरीज

मासळीचा कारखाना बंद झाला त्या हिवाळ्यात
बर्नडीन पिन्सेंटने शिवणयंत्र भिंतीकडे ढकललं
आणि खिडकीजवळच्या टेबलावर
टपालाने आलेली पुस्तकं मांडली.
पुस्तपालन, पातळी पहिली.
वय त्रेपन्न. बोटांवर अजून
कॉड कापायच्या सुरीचे वण.

येईल ते नावे, जाईल ते जमा.
तिला हे उलटंच वाटायचं.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
जे आलं ते कुणाच्या नावे लागलं?
आणि जे गेलं, ते तर
कुठेच जमा झालं नाही.

तरी घोकत राहिली.
बटाटे सोलताना घसारा,
दारातला बर्फ उपसताना येणी, देणी.

पहिल्या सरावात तेरीज जुळेना.
फरक सत्तावीसचा.
दोन दिवस सत्तावीस: जेवताना,
चर्चमध्ये गुडघ्यांवर बसल्यावरही.
मग एका पानाच्या तळाशी, बारीक टाइपात:
फरकाला नऊने भाग जात असेल
तर कुठेतरी दोन आकड्यांनी जागा बदलल्यात.
सापडलं. अठ्ठावन्नचे पंच्याऐंशी.
रात्री अकरा वाजता ती एकटीच इतकी हसली
की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

मे महिन्यात प्रमाणपत्र आलं,
नावातलं एक अक्षर चुकवून.
दुरुस्तीचे पंधरा डॉलर.
तिने ते कार्यालयीन खर्चात टाकले.
स्वतःच्या वहीतली पहिली नोंद.

पहिलं गिऱ्हाईक आम्ब्रोझ राइडआउट,
बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा.
बुटांच्या खोक्यात तीन वर्षांच्या पावत्या,
सगळ्यांना डिझेलचा वास,
आणि दर महिन्याला एक
दुसऱ्याच नंबरचं फोनबिल.

"हा नंबर कुणाचा?"
त्याने टोपी हातात फिरवली.
"हेझेलचा. म्हणजे, घरातलाच.
कुणी उचलत नाही.
पण मशीनवर तिचा आवाज आहे अजून,
निरोप ठेवा म्हणते."

अकरा धड्यांत हे कुठे नव्हतं.
धंद्याचा खर्च नाही, इतकं नक्की.
खोटं लिहायचं नाही, हेही.
बर्नडीनने चहा ओतला, त्याला साखर दोन चमचे,
पेन्सिलीला टोक काढलं,
छत्तीस बिलं एकाखाली एक मांडली
आणि समोर लिहिलं:
मालकाची उचल.

त्याने काही विचारलं नाही.
तिने पुढची पावती घेतली.
स्पार्क प्लग, चार नग.