गोंडा

मत्र्याच्या सुकात, अत्तरवाल्याच्या मागच्या बोळात
माझं मशीन. एकोणीस वर्षं झाली.
कात्री हर्णैहून आणलेली,
धार इथली.

ओमानी डिशडाशाच्या गळ्याशी एक गोंडा लोंबतो.
फराखा म्हणतात.
सकाळी अत्तरात बुडवायचा,
मग दिवसभर मान वळेल तिकडे ऊद.

शेख मुहन्ना परदेशी शिकून आला
तेव्हा म्हणाला, घोटा दिसू दे, आणि हा गोंडा काप.
पैगंबरांच्या अंगरख्याला होता का?
मी म्हटलं, शेख, शिलाई मशीनही नव्हतं.
हसला नाही.
कापला मी.

मग पोरं यायला लागली,
मोबाइलात त्याचं प्रवचन चालूच.
गोंडे मी बिस्किटाच्या डब्यात टाकत गेलो.
टाकवत नव्हते म्हणून.
झाकण उघडलं की दहा घरांचा वास.

त्याचा बाप नाखवा.
आमच्याकडेही नाखवाच म्हणतात;
हा शब्द कुठल्या काठावरून कुठल्या काठाला लागला,
समुद्रालाच ठाऊक.
म्हातारा गोंडा लांब करून घ्यायचा.
लेकाचा गेला ना, तेवढा माझा वाढव.

तिकडे दापोलीत माझी नुजहत वकिली शिकते.
तिच्यापर्यंतही पोचलं ते प्रवचन,
कुणीतरी उर्दूत केलेलं.
अब्बा, हळद बिदअत, लग्नातली गाणी बिदअत,
मग अम्मीची सगळी गाणी मला पाठ आहेत
ती मी ठेवू कुठे?
मी म्हटलं, नमाज चुकवू नकोस.
हे उत्तर नव्हतं.
तिलाही कळलं, ती फी-बद्दल बोलू लागली.

रमजानच्या तोंडावर नाखवा गेला.
पंधरवड्याने शेख आला, काखेत बापाचा डिशडाशा.
चार बोटं आखूड कर.
मी खडूने रेघ मारली,
मग कात्री हातात धरून गळ्याकडे बघितलं,
मग त्याच्याकडे.
तो बाहेर बघत होता.
समोरचा दुकानदार लोबान पेटवत होता,
कोळसा धरत नव्हता.
असरची बांग झाली. शेख उठला.
खालून, म्हणाला.
पायरी उतरता उतरता पुन्हा:
फक्त खालून.

जुम्म्याला मी मागच्या रांगेत होतो.
खुतब्यातलं अरबी मला निम्मंच कळतं.
त्या दिवशी काय म्हणाला ते विचारू नका.
मी त्याच्या गळ्याकडे बघत होतो.